तीनचाकी घेऊन लांब जायचे तर

मंडळी, आज वाचनाचा धडा बाजूला ठेवू. आज तीनचाकी सायकलीविषयी बोलायचे आहे. पायांनी अधू असलेली माणसे हाताने चालवतात, ती तीनचाकी. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती आहे, कोणाच्या शेजारी आहे. म्हणून हे बोलणे गाडीवर बसणाऱ्यासाठी आहे, तसेच गाडीला हवा भरणाऱ्या मुलासाठी आणि मागून हात लावणाऱ्या भावासाठीही आहे.

गाडी गावातल्या गावात फिरवायची असेल तर तिची थोडी आबाळ चालून जाते. चेन कुरकुरली तरी घरी येता येते. पण लांब जायचे म्हटले की गोष्ट वेगळी. धडधाकट माणसाची सायकल वाटेत बसली तर तो ती हातात धरून चालत येतो. तीनचाकीवाल्याने काय करावे? गाडी हेच त्याचे पाय. ती बसली की तो रस्त्याच्या कडेला बसला.

ही गाडी पहिल्याने कोणी केली ठाऊक आहे का? जर्मनी देशात न्युरेंबर्ग शहराजवळ आल्टडॉर्फ नावाचे गाव आहे. तिथे स्टीफन फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हते. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची खुर्ची बनवली. हाताने दांडा फिरवला की दातेरी चाके फिरत आणि खुर्ची पुढे जाई. शिवाजी महाराजांच्या काळातली ही गोष्ट. दोन चाकांची सायकल तेव्हा जगात नव्हती. म्हणजे तीनचाकी ही सायकलीची थोरली बहीण आहे म्हणा ना!

आता आपल्या इकडचे सांगतो. आमच्या शेजारी एक गृहस्थ शिंपीकाम करतात. त्यांना लहानपणी पोलिओ झाला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ साली सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण त्याआधी ज्यांचे पाय गेले, ती मुले आज मोठी झाली आहेत, संसारी आहेत. हे गृहस्थ त्यांतलेच. दर चतुर्थीला गावची मंडळी टिटवाळ्याच्या गणपतीला जातात. हे त्यांच्या हाती नारळ देत आणि घरी बसून प्रसादाची वाट पाहत. एक दिवस आम्हाला म्हणाले, “गुरुजी, मला टिटवाळ्याला जायचंय. माझ्या गाडीवर.”

त्यांची बायको म्हणाली, “अहो, रिक्षा करू की! अर्ध्या तासात जाऊन येऊ.”

ते म्हणाले, “रिक्षात मला उचलून ठेवतात, उचलून काढतात. तसं नाही जायचं.”

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही म्हणालो, “जायचे. पण पंधरा दिवसांनी. आधी गाडी बघू.”

कल्याणहून टिटवाळा रेल्वेने दहा किलोमीटर. रस्त्याने त्याहून जास्त पडते. हाताने चालवायची तीनचाकी माणसाच्या चालीपेक्षा थोडीशीच पुढे असते. विसावा धरून तीन तास तरी लागणार. तीन तास हातांनी गाडी ओढायची, हे काम सोपे नाही.

गाडी आम्ही सायकलवाल्या मिस्त्रीकडे नेली. ती एका शिबिरात मिळाली होती. अशी नवी गाडी मिळाली की लोक लगेच बसून चालवू लागतात. तसे करू नये. घाईत जोडलेल्या गाडीचे नट सैल राहिलेले असू शकतात. नवी असो की जुनी, पाना घेऊन प्रत्येक नट एकदा पाहावा. मिस्त्रीने पाहिले तेव्हा मागच्या चाकाचा एक नट नुसत्या बोटांनी फिरला.

मग त्याने चाक उचलून गरगर फिरवले. चाक सरळ फिरेना, नागमोडी डुलत होते. सायकलवाले याला चाक ‘आउट’ झाले असे म्हणतात. आरे सैल झाले की असे होते. आता पाहा, तीनचाकीचे आरे लवकर सैल का होतात? दोन चाकांची सायकल वळताना आपण तिच्यासकट कलतो. त्यामुळे वजन चाकावर सरळ पडते. तीनचाकी कलत नाही, ती उभीच वळते. मग सारे वजन चाकाला आडवे रेटते. साधे सायकलीचे चाक अशा आडव्या रेट्यासाठी केलेले नसते. म्हणून लांब जाण्यापूर्वी प्रत्येक आरा बोटाने वाजवून पाहावा. ताणलेला आरा टणक वाजतो, सैल आरा भदभद वाजतो. हे काम मात्र मिस्त्रीकडून करून घ्यावे. एक आरा जास्त आवळला तर चाक दुसरीकडे ओढते.

वळणाचा दुसराही धोका आहे. जोरात वळले तर आतल्या बाजूचे चाक उचलते आणि गाडी कलंडते. म्हणून वळताना वेग कमी करावा आणि ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला अंग झुकवावे.

हवेचे सांगतो. मागच्या दोन चाकांत हवा सारखी पाहिजे. एकात कमी असली तर गाडी त्या बाजूला ओढते. हवा कमी असली की हातांना जोरही जास्त लागतो. गावातल्या गावात हे कळत नाही, पाच किलोमीटरवर खांद्यांना कळते. टायरला चिरा गेल्या असतील तर टायर बदलावा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

इथे तुमच्या वाचनाचा उपयोग आहे बरे का! टायरच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. आपल्या साध्या मोठ्या सायकलीच्या टायरवर २८ × १½ असे असते. २८ म्हणजे चाकाची इंचातली उंची, १½ म्हणजे टायरची जाडी. हे आकडे इंग्रजी असतात, पण तुम्ही ते शिकला आहात. आपल्या टायरवरचे आकडे कागदावर उतरून घ्यावेत आणि तो कागद दुकानात न्यावा. काही तीनचाक्यांचे पुढचे चाक लहान असते. मग दोन मापांच्या ट्यूब लागतात. शिंपीदादांचा मुलगा अंदाजाने ट्यूब घेऊन आला, ती पुढच्या चाकाला मोठी झाली. त्याला परत बाजारात जावे लागले.

चेन नीट पाहावी. चेनवर धुळीचे काळे किटण बसते. डिझेलात भिजवलेल्या फडक्याने ते पुसून काढावे आणि मग शिवणयंत्राचे पातळ तेल थेंब थेंब सोडावे. खोबरेल तेल घालू नये. ते चिकट होते आणि धूळ धरते. शिंपीदादांच्या घरी तेलाची उणीव नव्हती! चेन बोटाने वर-खाली करून पाहावी. अर्धा इंच हलली तर ठीक. जास्त सैल असेल तर ती चढावर उतरते, आणि नेमक्या चढावरच हात सोडून ती बसवता येत नाही.

चढावरून आठवले, ब्रेक. गाडीला ब्रेक कोणत्या चाकाला आहे हे आधी पाहा. बऱ्याच गाड्यांना तो एकाच चाकाला असतो. रबर झिजले असेल तर बदला. मग घरासमोर परीक्षा करू नका. माणूस बसलेला पाहिजे, पिशवी लावलेली पाहिजे, आणि थोडा उतार पाहिजे. रिकामी गाडी कोणत्याही ब्रेकने थांबते. आणखी एक वस्तू जवळ ठेवा. एक लाकडी ठोकळा दोरीने गाडीला बांधून ठेवा. गाडी चढावर थांबली की बरोबरच्या माणसाने तो मागच्या चाकाखाली सरकवायचा. ठोकळ्याला पैसे पडत नाहीत, पण ब्रेकवर सारा भरवसा टाकण्यापेक्षा तो बरा.

झाली गाडी. आता गाडीवरचा माणूस.

पंधरा दिवस का मागितले, ते आता सांगतो. शिंपीदादांना आम्ही रोज पहाटे गाडी चालवायला लावली. आधी दोन किलोमीटर, मग तीन, मग पाच. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. मग त्यांनीच जुन्या कापडाची जाड पट्टी शिवून मुठीला गुंडाळली. त्यांच्या गाडीला उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताने गाडी वळवायची. चेन फक्त उजव्या मागच्या चाकाला. त्यामुळे गाडी सारखी डावीकडे जाऊ पाहते. त्यात आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण चालतो डाव्या कडेने, म्हणून रस्ताही गाडीला डावीकडेच ओढतो. फिरवणारा उजवा हात थकणार हे सगळ्यांना वाटते. पण खरा दुखतो तो सावरणारा डावा हात. हे पाचव्या दिवशी कळले.

बसायची जागा हा मोठा विषय आहे, आणि लोक त्याविषयी बोलायला लाजतात. तीन तास एका जागी बसले की कातडीवर दाब पडतो आणि रक्त पोचत नाही. पोलिओ झालेल्याला निदान दुखते तरी. पण ज्याच्या मणक्याला इजा झाली आहे, त्याला कमरेखाली काहीच कळत नाही. त्याला जखम होते आणि पत्ता लागत नाही. अशी जखम महिनोन् महिने भरत नाही, कधी जिवावरही बेतते. म्हणून बैठकीवर जाड मऊ गादी घालावी, तिला सुरकुती किंवा जाड शिवण नसावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलावे आणि थोडा वेळ धरावे. घरी आल्यावर घरच्या माणसाने कातडी पाहावी. लाल डाग दिसला आणि तो लवकर गेला नाही, तर त्या जागेवर बसू नये आणि डॉक्टरला दाखवावे. पाय पट्ट्याने पाटीवर बांधावेत, पण आवळून नव्हे. उन्हात लोखंड तापते. ज्याला स्पर्श कळत नाही त्याचा पाय भाजतो, म्हणून पाटीवर गोणपाट घालावे.

बायामाणसांनी पदर आणि ओढणी खोचून बसावे. कापड चेनीत किंवा आऱ्यांत गेले तर माणूस खाली ओढला जातो.

पाण्याचेही बोलले पाहिजे. वाटेत लघवीला कुठे जायचे, या भीतीने ही माणसे पाणीच पीत नाहीत. उन्हात हात चालवायचे आणि पाणी प्यायचे नाही, याने चक्कर येते. म्हणून कुठे थांबायचे, कोणाच्या घरी सोय आहे, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. आम्ही म्हारळला आणि गोवेलीला ओळखीची घरे पाहून ठेवली होती. खरे तर रस्त्यावर अशी सोय सरकारने करायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागी सोयी करण्याचे लिहिले आहे. लिहिलेले आपण वाचू लागलो, म्हणजे मागताही येईल. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे, असेही सरकारने सांगितले आहे. गाडीच्या टायरट्यूबसाठी त्यातून काही मिळेल का, हे कचेरीत जाऊन विचारावे.

बरोबर घ्यायचे सामान थोडेच. पाना, पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, काचपेपर, सुतळी, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि चार्ज केलेला मोबाईल. मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. तीनचाकी ठेंगणी असते, उंच ट्रकवाल्याला ती दिसत नाही. म्हणून एका काठीला लाल फडके बांधून ती मागे उभी करावी.

रस्ताही निवडावा लागतो. ठाण्याहून मुंब्रा बायपास आणि शीळफाट्याने येणारा रस्ता तीनचाकीचा नव्हे. चढ आहे आणि कंटेनर गाड्यांची रीघ असते. आम्ही मुरबाड रस्ता धरला. शहाड, म्हारळ, वरप, कांबा, गोवेली आणि तिथून टिटवाळ्याकडे. अंगारकी मुद्दाम टाळली, त्या दिवशी फार गर्दी होते. साध्या चतुर्थीला पहाटे पाच वाजता निघालो. मुलगा आणि पुतण्या सायकलींवर, आम्ही एकाच्या मागे बसून.

अवघड जागा एकच, शहाडचा रेल्वेवरचा पूल. चढावर मुलांनी मागून हात लावला, पण दांडा शिंपीदादाच फिरवत होते. मधे दोनदा थांबले. दोन्ही वेळा ठोकळा लावला. उतारावर त्यांना आधीच सांगून ठेवले होते की गाडी पळू द्यायची नाही. वेग आल्यावर ब्रेक दाबला तर रबर तापते आणि पकड जाते. पहिल्यापासून थोडा थोडा दाबत उतरायचे. तसेच ते उतरले. कांब्याच्या पुढे एका चाकाची हवा गेली. पंप होता, जादा ट्यूब होती. अर्ध्या तासात पुन्हा वाटेला लागलो.

साडेआठच्या सुमारास देवळाशी पोचलो. नारळ त्यांनी आपल्या हाताने दिला. आम्हाला म्हणाले, “गुरुजी, हात गेले कामातून. उद्या कपडे शिवायचे कसे?” आणि हसले. परत मात्र टेम्पोतून आलो, हे आधीच ठरले होते. एका दिवसात दोन्ही बाजू चालवण्याचा हट्ट नको.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चाके पुन्हा फिरवून पाहिली. उजव्या मागच्या चाकाचे चार आरे सैल झाले होते. त्याने ते तिथेच आवळून दिले.

येत्या रविवारी ज्यांच्या घरी तीनचाकी आहे, त्यांनी ती या वर्गाच्या अंगणात आणावी. टायरवरचे आकडे पाटीवर उतरवून आणावेत. पंप, पाना आणि तेल आम्ही आणतो.