काळीज आणि कातडं



समोर बसून ऐकलेल्या गाण्यानं माणसाच्या काळजाला काय होतं, यावर आजवर गादीवर बसणारेच बोलले. त्यांचा रस, त्यांची समाधी, त्यांचं ब्रह्मानंद का काय ते. मी हलगीपासून सुरू करतो.

हलगी म्हणजे कातडं. जाळावर शेकली की ताणते, मग कडाडते. गावगाड्यानं हे कातडं आपल्या गळ्यात बांधलं. पाटलाच्या वरातीपुढं वाजवा, पाटलाच्या मढ्यापुढं वाजवा, वर हात पसरा. वाजवणाऱ्याच्या छातीत काय वाजतंय हे कुणी विचारलं नाही. बाबासाहेबांच्या हाकेवर बापजाद्यांनी गावकीची कामं टाकली, त्यात हे वाजवणंही गेलं. बरं झालं.

पण गाणं सोडलं नाही. भीमराव कर्डकांचे जलसे झाले, वामनदादा कर्डक २००४ साली जाईपर्यंत गात राहिले. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याच्या काळजात बाबासाहेब गाण्यातून शिरले. मान खाली घालून आलेला माणूस जलशातून उठताना ताठ उठला. हा आपला ब्रह्मानंद!

आता विज्ञानही तेच सांगतंय. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांचे श्वास जुळतात आणि काळजाचे ठोके एकाच वेळी चढतात-उतरतात. २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. समोर वाजवलेल्या पियानोनं मेंदूतलं भावनेचं केंद्र रेकॉर्डपेक्षा जास्त पेटलं. का? वाजवणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल दाखवली जात होती, आणि तो तसं वाजवणं बदलत होता. आपल्या शाहिराला हे यंत्राशिवाय कळतं. वस्ती गप्प झाली की तो आवाज उतरवतो, म्हातारीनं डोळ्याला पदर लावला की तीच ओळ पुन्हा घेतो.

म्हणून विचारतो, १४ एप्रिलला डीजेची भिंत कशाला? छाती हादरते, कबूल. पण त्या भिंतीला तुमची छाती दिसत नाही. हादरणं वेगळं, हलणं वेगळं.

आणि एक कडू गोष्ट. हा रस्ता दुहेरी आहे. वस्तीचं दुःख शाहिराच्या काळजात उतरतं, तिथंच साचतं. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर, पोलिसांचा गोळीबार, १० माणसं ठार. शाहीर विलास घोगरे तिथं गेला, मुडदे पाहिले, आणि काही दिवसांतच त्यानं गळफास घेतला. त्याच्या गळ्यावर आपण टाळ्या पिटल्या. त्याच्या काळजावर कुणी हात ठेवला?

तेव्हा साल्यांनो, शाहिराला नुसतं स्टेजवर चढवू नका. वर्गणीतला पहिला पैसा त्याला द्या. कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या, की त्याच्याजवळ बसा. पाटलानं वाजवणाऱ्याला जे कधी विचारलं नाही ते विचारा : दादा, तुझ्या छातीत काय वाजतंय?

जय भीम!