हात बांधण्याआधी



आयसीयूच्या बाहेर सतरंजीवर बसलेल्या नातेवाइकांना मध्यरात्री निरोप येतो, 'तुमच्या पेशंटनं नळी ओढली.' कुणी सिस्टरवर चिडतं, कुणी पेशंटवर. 'बाबा असे हट्टी नव्हते हो!'

हा हट्ट नव्हेच. गंभीर आजार, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, काही गुंगीची औषधं यांनी माणूस भ्रमात जातो. आपण कुठं आहोत हेच त्याला उमगत नाही. खुपतं तिकडं हात जातो, एवढंच. पण लघवीच्या नळीचं टोक मूत्राशयात पाण्यानं फुगवलेल्या फुग्यानं अडकवलेलं असतं, बहुधा 10 मिलिलिटरच्या. फुगा तसाच असताना ओढ बसली की मूत्रमार्गाला इजा होते, रक्त येतं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, त्याहून जोखमीची. तिच्यातून रक्तदाब सावरणारं नॉरॲड्रेनालिन चालू असेल, तर ते थांबताच काही मिनिटांत दाब कोसळतो. शिवाय शिरेत हवा शिरण्याची भीती.

म्हणून हात बांधायचे? माझं स्पष्ट मत आहे, तो अगदी शेवटचा उपाय. बांधलेला माणूस आणखी घाबरतो, झटापट करतो आणि बांधलेल्या हातांनीही नळ्या निघतात. आधी पाहावं, त्याला दुखतंय का? नळी पिळली जाऊन लघवी तुंबलीय का? नळी मांडीला थोडी सैल ठेवून नीट चिकटवलीय का?

घरच्यांचा वाटा इथं फार मोठा आहे. हरवू नये म्हणून आपण चष्मा आणि कानाचं यंत्र घरी नेतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, मग भ्रम वाढणारच! सिस्टरांना विचारून ते परत आणून द्या. भेटीच्या वेळी हात हातात घेऊन सांगा, 'आई, आज मंगळवार, सकाळ झालीय, तू दवाखान्यात आहेस, ही नळी औषधाची आहे.' पुन्हा पुन्हा सांगा.

काही नळ्या कूस बदलताना, सीटी स्कॅनला नेताना ट्रॉलीत अडकूनही निघतात. वॉर्डातले मावशी-मामा पेशंटला उचलत असताना एकानं फक्त नळ्यांकडंच पाहावं. आणि डॉक्टरांना रोज विचारा, ही नळी आज लागणार आहे का? गरज संपलेली नळी त्यांनी वेळेवर काढणं उत्तम.

तुमच्यासमोर नळी निघालीच, तर ती आत ढकलू नका. लगेच सिस्टरांना हाक मारा. मानेतली असेल तर त्या येईपर्यंत पेशंटला उठून बसू देऊ नका आणि त्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.