गुरुवारचें पाणी आणि संगणकाचा रीस्टार्ट

‘गुरुवारीं पाणी बंद राहील’ ही सूचना पुणेकरांना नवी नाहीं. पर्वतीच्या जलकेंद्रांत दुरुस्तीचें काम निघालें, म्हणजे महानगरपालिका तसें आधीं जाहीर करिते. घरोघरीं बुधवारीं रात्रीं पिंपें व हंडे भरून ठेवितात. शुक्रवारीं सकाळीं पाणी उशिरा व कमी दाबानें येईल, हेंही गृहीत धरितात. पालिकेला चार शब्द ऐकविले जातात खरे, परंतु वाहती नळी उघडून तिची दुरुस्ती करतां येत नाहीं, हें घरांतील लहान मुलालाही कळतें.

घरांतील संगणकाच्या बाबतींत मात्र हा समंजसपणा दिसत नाहीं. ‘अपडेट तयार आहे, संगणक रीस्टार्ट करा’ अशी सूचना पडद्यावर आली, कीं ‘नंतर’ ह्या शब्दावर बोट पडतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा ‘नंतर’. असे महिने लोटतात.

रीस्टार्ट हवा तरी कशाला? संगणक चालू होतांना त्याच्या कारभाराचीं मूळ सूत्रें साठवणींतून स्मृतींत घेतलीं जातात, आणि पुढें तींच राज्य करितात. अपडेट नवीं सूत्रें साठवणींत आणून ठेवितें. पण जीं वापरांत आहेत, तीं चालत्या गाड्यांत बदलणें बहुधा शक्य नसतें. नव्यांस गादीवर बसावयाचें, तर जुन्यांस खालीं उतरावेंच लागतें. येथें एक बारकावा आहे. विंडोजमध्यें जलद सुरू होण्याची सोय चालू असल्यास, ‘शट डाउन’ केल्यावरही कारभाराचा गाभा जपून ठेविला जातो व सकाळीं तोच परत उचलला जातो. ‘रीस्टार्ट’नें मात्र तो पुरता नव्यानें उभा राहतो. म्हणून ‘रोज रात्रीं बंद करतों’ हें उत्तर पुरेसें नाहीं.

‘नंतर’ किती महाग पडतें, तें २०१७ सालीं जगानें पाहिलें. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं विंडोजमधील एक भगदाड बुजविणारें अपडेट दिलें. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भगदाडांतून शिरला. दोन महिन्यांची सवड मिळूनही जे संगणक तसेच राहिले होते, ते सांपडले. इंग्लंडमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या.

आक्षेप असा, कीं अपडेटच घात करितें. तो खोटा नाहीं. २७ जून २०१७ रोजीं उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाच्या मालधक्क्याचें काम ज्या ‘नॉटपेट्या’नें थांबविलें, तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. परंतु ह्यावरून अपडेट टाळावें, असें ठरत नाहीं. आधीं पिंप भरून ठेवावें, एवढेंच ठरतें.

तें पिंप कोणतें? परदेशीं गेलेल्या मुलांनीं धाडलेलीं नातवंडांचीं छायाचित्रें, पेन्शनचे कागद, घराचे दस्तऐवज, ह्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं अपडेटें देते. त्यानंतरचा गुरुवार घरानें नेमून ठेवावा. उघडें काम जतन करावें, चार्जर जोडावा आणि यंत्र आपलें काम करीत असतां मध्येंच बटण दाबूं नये. अपडेट संगणकाच्या सेटिंग्जमधूनच घ्यावें. अनोळखी संदेशांतील दुव्यावरून कधींही नव्हे. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्या घरीं तें अजून आहे, त्यांनीं पुढील सोय पाहावी.

एक दिवसाची गैरसोय पुणेकरानें पिढ्यान्‌पिढ्या सोसली, ती नळाला स्वच्छ पाणी यावें म्हणून. संगणक तर घटकाभरच मागतो.