आधी परीक्षा, मग बेल आणि ताक



पोटाचे दुखणे चारचौघांत सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी एखादी स्त्री सकाळपासून पोटात काही घालत नाही. कारण बांधीवर आडोसा नसतो. देवरीहून किंवा सालेकशाहून सकाळच्या गाडीने गोंदियाला येणारा एखादा कर्मचारी निघण्यापूर्वी दोनदा शौचास जाऊन येतो आणि तरीही वाटभर धास्तावलेला असतो. तपासण्यांत काही सापडत नाही, म्हणून घरची मंडळी म्हणतात, ‘हे मनाचे खेळ आहेत.’

हे मनाचे खेळ नव्हेत. आधुनिक वैद्यक या विकाराला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणते. आतड्याला जखम नसते, गाठ नसते. मात्र त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. २०१६ च्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी किंवा शौचाच्या वेळा व स्वरूप बदलण्याशी संबंध असणे आणि त्रासाचा आरंभ किमान सहा महिन्यांपूर्वीचा असणे, ही त्याची ओळख होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात ग्रहणीविकाराचे जे वर्णन येते, ते याच्या पुष्कळसे जवळचे आहे. दोन्ही तंतोतंत एक नव्हेत; पण कधी पातळ, कधी घट्ट होणारे शौच आणि मंदावलेला जठराग्नी हे चित्र प्रत्येकाला ओळखीचे वाटेल.

उपचाराचा आरंभ ताटापासून होतो. गहू, कांदा, लसूण, हरभरा, राजमा यांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे त्या आंबतात व वायू धरतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने अशा पदार्थांचा विशेष अभ्यास केला आहे. तांदूळ मात्र या रुग्णांना बहुधा सोसतो. धानाच्या या जिल्ह्यात मऊ भात, मुगाचे पातळ वरण आणि शिजवलेली दुधी हे पथ्य महाग नाही. चार-सहा आठवडे पथ्य पाळावे आणि मग एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहावा. सारेच कायमचे सोडून देह कृश करणे हे पथ्य नव्हे.

ग्रहणीच्या चिकित्सेत चरकाने ताकाला मोठा मान दिला आहे. लोणी काढलेले ताजे ताक, जिरे व सैंधव घालून, दुपारच्या जेवणानंतर घ्यावे. विरजताना दुधातील शर्करेचा काही भाग कमी होतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते. तरीही पोट फुगल्यास ते थांबवावे.

श्रावणात महादेवाला ज्याचे पान वाहतो, त्या बेलाचे कोवळे फळ वाळवून जुलाबावर देतात. पिकलेला गर उलट शौच सैल करतो. हा भेद न जाणता औषध घेतल्यास त्रास वाढतो. १९८९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १६९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. बेल व नीरब्राह्मी यांच्या योगाने सुमारे ६५ टक्के रुग्णांना, प्रचलित औषधांनी ७८ टक्क्यांना, तर नुसत्या दिखाऊ गोळीने ३३ टक्क्यांना गुण आला. जुलाबप्रधान विकारात बेलाचा लाभ विशेष होता. पण सहा महिन्यांनंतर पाहिले, तेव्हा त्रास उलटण्याचे प्रमाण रोखण्यात दोन्ही उपचार दिखाऊ गोळीहून सरस ठरले नाहीत. आपल्या औषधाचा अभिमान बाळगावा, तो असा कसोटीला लावून.

कुड्याची सालही जुलाबावर प्रसिद्ध आहे. औषधी असतो तो पांढरा कुडा, ज्याचे बी कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचे बी गोड इंद्रजव. साली दिसायला सारख्या असल्याने जंगलातून परस्पर आणलेली साल जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. ग्रहणीवरील पंचामृत पर्पटीत पारा असतो. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे.

इसबगोल मात्र सर्वांत भरवशाचा. २००९ साली नेदरलँड्समधील २७५ रुग्णांच्या चाचणीत इसबगोलाने आराम पडला. कोंड्याने तसा लाभ दिसला नाही, उलट त्रास वाढल्याने अनेकांनी तो सोडला. अर्ध्या चमच्याने आरंभ करून, प्रत्येक वेळी पेलाभर पाण्यासह, मात्रा हळूहळू वाढवावी. पुदिन्याचे तेल आतड्याचे स्नायू सैल करते. ते आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून, वैद्याच्या सल्ल्याने घ्यावे. छातीत जळजळ असणाऱ्यांनी ते टाळावे.

मेंदू आणि आतडे यांचे नाते घट्ट आहे. परीक्षा, कर्ज, घरातील भांडण यांचे पडसाद पोटात उमटतात. म्हणून ठरावीक वेळी जेवण, पुरेशी झोप, दीर्घ श्वसन व पवनमुक्तासन यांना उपचारातच स्थान आहे.

मात्र एक गोष्ट कधीही विसरू नये. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेला त्रास, ही लक्षणे चूर्णाची नव्हेत. आतड्याचा क्षय आणि कर्करोग याच वेषात येतात. आतड्याचा क्षय औषधाने बरा होतो व सरकारी केंद्रांत त्याचा उपचार विनामूल्य आहे; पण चूर्णावर वर्ष गेले, तर आतडे आखडते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथवर जाण्यास लाज वाटू नये.

आधी रोगाची परीक्षा, मग औषधाची, आणि त्यानंतर उपचार, हा क्रम चरकानेच घालून दिला आहे. घरातील कुणी पोटाची तक्रार संकोचाने सांगू लागले, तर हसून उडवून न लावता ऐकून घ्यावे. या परीक्षेचा आरंभ घरातूनच होतो.