जन्म हवा की सुटका?



लेसिंग या जर्मन विचारवंताचा मानवजातीच्या शिक्षणावरचा निबंध १७८० साली पूर्ण छापून आला. शेवटी तो विचारतो, नवे ज्ञान मिळवण्याची कुवत माझ्यात आहे, तर मी पुन्हा पुन्हा का येऊ नये? केवढी उमेद आहे या प्रश्नात! ज्या समाजाला एकाच आयुष्यावरून अनंतकाळाचा निवाडा होतो असे शिकवले होते, त्याला दुसरा जन्म हा दिलासाच वाटणार. पुढे १८५७ मध्ये पॅरिसला फ्रेंच लेखक अलां कार्देक यांचा 'आत्म्यांचा ग्रंथ' निघाला. त्यातला आत्मा जन्मोजन्मीच्या वाटेवर कधी थबकेल, पण मागे घसरत नाही.

आपल्याकडे पुनर्जन्माचा विचार धास्तीतून वाढला. परलोकी पोचलेल्यालाही पुन्हा मरण गाठेल, ही चिंता शतपथ ब्राह्मणात आहे. उपनिषदांनी त्यावर आत्मज्ञान हा उपाय सांगितला. संयुत्त निकायात बुद्ध भिक्खूंना विचारतात, या दीर्घ भ्रमणात तुम्ही ढाळलेले अश्रू जास्त, की चार महासागरांचे पाणी जास्त? उत्तर अश्रूंच्या बाजूने येते. आई, बाप, लेकरे पुन्हा पुन्हा गमावण्याचा तो हिशेब आहे. तो मनात ठेवून लेसिंगकडे पाहिले, की कळते: ज्याला तो संधी म्हणतो, तिलाच इथे दुःख म्हटले आहे.

पण पश्चिम म्हणजे तरी कोण? प्लेटोच्या 'फीडो'त सॉक्रेटिस मृत्यूच्या दिवशी देहादेहांत भटकणाऱ्या आत्म्यांविषयी बोलतो आणि तत्त्वचिंतनाने शुद्ध झालेले देहाविना राहतील अशी आशा धरतो. हा माणूस आपल्या उपनिषदांच्या किती जवळ आहे! आणि इकडे आपले तुकोबा मुक्ती नाकारून संतसंगासाठी गर्भवास मागतात. त्यांना पुढची इयत्ता गाठायची नाही. विठ्ठलाचे नाम घेण्यात खंड पडू नये, एवढेच हवे आहे.

आज अमेरिकेत पुनर्जन्म मानणारे थोडे नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत ते प्रमाण ३३ टक्के होते. तिथला जिज्ञासू सहसा विचारतो, मी मागच्या जन्मी कोण होतो? मज्झिम निकायातल्या सब्बासव सुत्तात बुद्ध नेमका हाच प्रश्न मनाला गुंतवणारा, म्हणून टाळण्याजोगा ठरवतात. जन्मोजन्मी तोच राहणारा 'मी' त्यांना मान्यच नाही. एका दिव्याने दुसरा लावावा, तसा पुढचा जन्म होतो, असे 'मिलिंदपञ्ह' हा बौद्ध ग्रंथ समजावतो.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. मुक्तीची ओढ उदात्त आहे, पण आपल्या समाजात पूर्वकर्माच्या नावाखाली माणसांना हीन ठेवले गेले, हे मोक्षावर बोलणाऱ्याने झाकू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न सोडला नाही. १९५७ साली त्यांच्या निधनानंतर आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ते आत्म्याचे देहांतर नाकारतात. पुनर्जन्म मानतात तो देह घडवणाऱ्या मूलतत्त्वांचा. गरिबाच्या स्थितीचा दोष त्याच्या मागच्या जन्मावर टाकला, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात, हे ते तिथे स्पष्ट सांगतात. लेसिंगला हा प्रश्न पडला नाही. पण मोक्षमार्गावर इतके ग्रंथ लिहिणाऱ्या आपल्या पंडितांना तो पडायला हवा होता.