चार गुंठ्यांची शाळा

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. दोन एकरांचा शेतकरी मी, बोलणार ते पिकाबद्दलच. नव्या शेतीची माहिती लहान शेतकऱ्यापर्यंत कशी पोचते यावर बोला म्हणाले. मी उलटं सांगतो. ती माझ्यापर्यंत वेळेवर कशी पोचली नाही, ते सांगतो.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात पहिल्यांदा सापडली ती 2018 च्या मे महिन्यात, शिवमोग्गा भागात. पुढच्या वर्षीच्या खरिपात ती माझ्या रानात होती. पहिल्यांदा बघितली ती घरच्या लक्ष्मीनं, भांगलताना. "पोंग्यात लाकडाचा भुसा पडल्यागत दिसतंय, बघा जरा," म्हणाली. मी म्हटलं, असेल काहीतरी किडा. तिथंच आठ दिवस गेले.

मग दुकान गाठलं. उधारीवर दोन बाटल्या मिळाल्या. सोबतच्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं, आणि त्यात मला वाचता येईल असं काही नाही. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. कन्नड बाजारापुरतं बोलतो, वाचता येत नाही. प्रमाण विचारलं, तर "टाकीला एक टोपण" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात पानांवरून फवारत गेलो. अळी पोंग्यात बसलेली, औषध वरच्या पानांवर! आठ दिवसांनी पुन्हा फवारलं. पैसा दोनदा गेला, आणि निम्मा मका तरीही गेला.

त्याच सुमारास चंदगड तालुक्यातले आमचे दाजी आले. त्यांनी पोंगा बोटांनी उकलला, अळी तळहातावर घेतली आणि दाखवलं: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडं चौकोनात चार ठिपके. म्हणाले, "पाव्हणं, अळी बारकी असताना, पानावर पांढरे चट्टे दिसतात तेव्हाच धरायची. फवारायचं संध्याकाळी, आणि नोझल पोंग्यात. मोठी झाली की औषधाला दाद देत नाही." त्यांच्या खिशात मराठीतलं एक पत्रक होतं. हेच सगळं त्यात चित्रासकट छापलेलं. तो एक कागद महिनाभर आधी मिळाला असता तर माझं कर्ज वाढलं नसतं.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. 2003 साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनं देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारलं, आधुनिक शेतीची माहिती तुम्हाला कुठून मिळते? शंभरातल्या साठ घरांना कुठूनच मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती, त्यांत सगळ्यात पुढं होता दुसरा प्रगतशील शेतकरी. त्याच्या मागोमाग खत-औषधाचा दुकानदार आणि रेडिओ. सरकारी कृषी कर्मचाऱ्याकडून माहिती मिळणारी घरं शंभरात सहाही नव्हती.

आणखी एक गोष्ट, तीही मक्याचीच. अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. तिथं संकरित मक्याचं बियाणं आलं, तेव्हा ते शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा अभ्यास दोन संशोधकांनी 1943 साली प्रसिद्ध केला. 259 शेतकऱ्यांची माहिती त्यात होती. बियाणं आलंय ही बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचं मन झालं ते शेजाऱ्याचं पीक बघून. आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळं रान त्याखाली घातलं नाही. थोड्या जागेत करून बघितलं, मग वाढवत नेलं.

लोक म्हणतात, लहान शेतकरी आडमुठा, नवीन काही करत नाही. अहो, वीस एकरवाल्याचा एक प्रयोग फसला तर तो पुढच्या वर्षी हसत सांगतो. माझा फसला तर पोराची फी थांबते. म्हणून आधी शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहून बघायचं, मग आपल्या रानात करायचं. ह्याला आडमुठेपणा म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

आता भाषेचं. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय, औषधासोबतचं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि ज्या भागात ते विकलं जातं तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असावं. आमच्या भागात मराठी वापरात आहे, ह्याला आणखी पुरावा काय द्यायचा? आमचं कन्नडशी भांडण नाही. माझा शेजारी कन्नड बोलतो, त्याच्या आणि माझ्या मक्यात अळी एकच. त्याला त्याच्या भाषेत पत्रक मिळावं आणि मला माझ्या. विषाच्या बाटलीवरचं वाचता येणं हा जिवाचा प्रश्न आहे. म्हणून मागणी लेखी करू या, सह्या करून, पोच घेऊन.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? चार कामं आपल्या हातात आहेत.

एक, नवीन बियाणं असो की औषध, पहिल्या वर्षी चार गुंठ्यांत. बाजूला जुन्या पद्धतीचे चार गुंठे ठेवा, आणि खर्च-उत्पन्न दोन्हींचं लिहा.

दोन, दुकानात नुसतं "अळीचं औषध द्या" म्हणू नका. औषधातला घटक कुठला, ह्या पिकासाठी शिफारस आहे का, एकराला किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे विचारा आणि पक्की पावती घ्या.

तीन, किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. वाचता न येणारा कागद असेल तर कन्नड शिकलेल्या पोरा-पोरींना बसवून मराठीत उतरवून घ्या आणि देवळात लावा.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. मेळाव्याला बायकांना पुढं बसवा. आज त्या मागं उभ्या आहेत. भांगलायला त्या जातात, कीड पहिल्यांदा त्यांना दिसते. माझ्या घरात ती दिसली होती. मीच ऐकलं नाही.

यंदा माझ्या रानात चार गुंठ्यांचा तुकडा दोरी लावून वेगळा ठेवलाय. कुणीही यावं, बघावं. चुकलेलं असेल तर तेही दाखवीन.