रक्त द्या, पण तारीख विचारून



गोंडपिपरी तालुक्यातल्या माझ्या श्रोत्यांनो, रक्तदानाचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. १५ ऑगस्टला, गणपतीत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तुम्ही हौसेनं रांगा लावता. माझं भांडण तुमच्याशी नाही, तारखेशी आहे.

आपल्याकडचं धान घ्या आणि सात्या, म्हणजे रानातली अळंबी, घ्या. धान ढोलीत भरलं की वर्षभर काळजी नाही. सात्या मात्र पावसात उगवल्या, बाजारात आल्या, की त्याच दिवशी खपायला हव्यात. उरल्या त्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात. तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे धान. फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकतात. प्लेटलेट म्हणजे सात्या. पाच दिवस, बस. पुढे पिशवी फेकायची.

बरं, त्यांना फ्रिज चालत नाही. २० ते २४ अंश तापमानात, यंत्रावर रात्रंदिवस हलत्या ठेवाव्या लागतात. तंत्रज्ञ ती पिवळसर पिशवी उजेडात धरून हलकेच हलवतो. आत धुरासारखी लहर फिरली की माल चांगला. आणि नातेवाईक न्यायला काय आणतात? बर्फाचा डबा! बर्फ नको, बाबांनो.

आता हिशोब करा. १५ ऑगस्टला एकाच दिवशी सगळ्या गावानं रक्त दिलं. त्यातल्या प्लेटलेट २० तारखेला संपल्या. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे गडी थेट नोव्हेंबरात मोकळा होणार! मधल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंगू घरोघरी फिरतो, प्लेटलेट लागतात, तेव्हा द्यायला कोण उरलं? सात्यांचा बाजार एकाच दिवशी भरला, पुढे हंडी रिकामी. पेशंटचा भाऊ मात्र कोठारीच्या रस्त्यानं, ट्रकांच्या मागे अडकत चंद्रपूरला धावतोय.

म्हणून पुन्हा सांगतो, पाच दिवस. शंभर जणांनी एका दिवशी देण्यापेक्षा दर आठवड्याला दहा जणांनी द्यावं. रोवणी आटोपली की एका गावानं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावानं. वैनगंगेपलीकडच्या आष्टीकरांनीही ऐकावं, डास जिल्हा विचारून चावत नाही.

आणखी एक. डेंगूत प्लेटलेट साठ हजारांवर उतरल्या की पिशवी लावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर असेपर्यंत सहसा पिशवी लावावी लागत नाही. घाबरून लावलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी... असो.

तेव्हा मंडळांच्या पोरांनो, शिबिराचा बॅनर छापण्याआधी रक्तपेढीला फोन करा आणि विचारा, "तुम्हाला कोणत्या आठवड्यात हवंय?" ते सांगतील ती तारीख बॅनरवर टाका. साहेबांचा वाढदिवस आठ दिवस उशिरा साजरा झाला तरी चालेल.